बुककर मामांची हजार पानं

सॉफ्टवेअरचं जाडजूड संदर्भपुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत ओळीने वाचणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. अशी पुस्तकं कोणी वाचत नाही. अडलं की उघडायची, मागची सूची बघायची, हवं ते पान काढायचं आणि काम झालं की मॉनिटरला उंची मिळावी म्हणून पुन्हा त्याच्याखाली सारायची, अशी सगळ्या जगाची रीत. आमच्या मामांनी मात्र डेटाबेसच्या हजार पानी पुस्तकात पेन्सिलीने खुणा करून त्याचे चोपन्न भाग पाडले आणि दर आठवड्याला एक भाग वाचायला घेतला. सिनेगॉगमध्ये आम्ही तोरेचे, म्हणजे आमच्या धर्मग्रंथाचे, चोपन्न भाग करून दर शब्बाथला, शनिवारी, वाचतो आणि वर्षभरात सगळी तोरा पुरी करतो, अगदी तसं. सुरुवातही त्यांनी सिम्हात तोराच्या दुसऱ्या दिवशी केली. तोरेचं वाचन संपून पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं तो हा सण. पुस्तक त्याच्या आधी आठ दिवस टेबलावर येऊन पडलं होतं, पण त्यांनी हात लावला नाही.

मामा माझे सख्खे नव्हेत. इथे इस्राएलमधल्या किर्यात मलाखीत आमच्या लोकांमध्ये दोन पिढ्यांचं अंतर पडलं की पुरुष मामा होतो, तसे ते मामा. आम्हा बेने इस्राएलांची, म्हणजे मराठी ज्यूंची, आडनावं कोकणातल्या गावांवरून आलेली, शेवटी ‘कर’ ठरलेला. मामांच्या हातात ते पुस्तक दिसायला लागल्यावर सिनेगॉगमधल्या टवाळांनी त्यांचं गाव बदलून टाकलं आणि ते बुककर झाले. त्यांना राग आला असेल असं मला वाटलं होतं. पण एकदा मी फोन केला तर पलीकडून शांतपणे आवाज आला, “बुककर बोलतो.”

मुंबईत ते भायखळ्याच्या एका गिरणीत स्टोअर्सला होते. गिरणी बंद पडली, मग ते बायको आणि मुलीला घेऊन इस्राएलला आले. मी त्यांच्यानंतर दोन वर्षांनी ठाण्याहून आले, नवरा आणि कडेवरचं पोर घेऊन. मामा आणि मी किर्यात गातच्या एका कारखान्याच्या गोदामात होतो. ठिबक सिंचनाचे प्लास्टिकचे जोड, नळ्या, तोट्या, असला माल. रोज सकाळी एकाच बसने जायचं. मामांना जागा मिळाली तरी ते उभे राहायचे, कारण कमरेचा मणका सरकलेला होता आणि बसची सीट त्यांना सोसत नसे. पहिलं वर्ष त्यांनी खोकी उचलण्यात काढलं होतं, त्याची ही कमाई.

शहाण्णव साली गोदामात कॉम्प्युटर आला आणि त्याबरोबर एक खुर्ची आली. सगळ्या मालाचा डेटाबेस सांभाळणाऱ्याची खुर्ची. आमचा मॅनेजर शिमोन याने ती मामांना दिली, कारण कुठल्या फळीवर कुठला जोड आहे हे त्यांना तोंडपाठ होतं आणि पडद्यावर सगळं इंग्रजी होतं. मामांचं इंग्रजी झकास. पण शिमोनने सांगून ठेवलं की हे एक वर्षापुरतं. जमलं तर खुर्ची कायमची, नाही जमलं तर परत खोकी. “सणांनंतर बघू,” तो म्हणाला. इथे कुठलीही गोष्ट सणांनंतरच बघतात. मामांची कमर आणि ती खुर्ची यांचा संबंध मला वेगळा सांगायची गरज नव्हती, त्यांनाही नव्हती. मी त्याच खोलीत दुसऱ्या टेबलावर चिठ्ठ्या बघून आकडे भरायचं काम करायचे.

कारखान्याने तीन दिवसांचा कोर्स ठेवला होता, हिब्रूत. मामा वहीला खाकी कव्हर घालून गेले. तीन दिवस पहिल्या रांगेत बसले. शिकवणारा मुलगा भराभर बोलायचा, मध्येच विनोद करायचा, सगळे हसायचे आणि मामा सगळ्यांचं बघून हसायचे. तिसऱ्या दिवशी मी त्यांची वही उघडून पाहिली तर तिच्यात तारीख आणि त्या मुलाचं नाव, बस्स. मला हसूही आलं आणि काळजीही वाटली. मामा म्हणाले, “मास्तर बोलतो तेव्हा तो पुढे जातो गं. पुस्तक थांबतं. आपल्यासारख्यांसाठी थांबतं.”

मशीन बसवणाऱ्यांनी ते पुस्तक प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलंच सोडून दिलं होतं. मामांनी ते सोडवलं, त्यालाही खाकी कव्हर घातलं आणि वर सुवाच्य अक्षरात पहिल्या भागाची तारीख लिहिली. पहिल्या भागात नुसती प्रस्तावना, आभार आणि पुस्तक कसं वापरावं याच्या सूचना होत्या. मामांनी आभारसुद्धा वाचले. मी म्हटलं, “मामा, यात शिकण्यासारखं काय आहे?” तर म्हणाले, “एवढ्या लोकांनी मेहनत घेतली, त्यांची नावं तरी वाचू.” एकदा पुस्तक त्यांच्या हातून निसटून जमिनीवर पडलं. सिद्दूर, म्हणजे प्रार्थनेचं पुस्तक, पडलं की आपण करतो तसं त्यांनी ते उचलून पटकन ओठांना लावलं आणि मग इकडेतिकडे बघून हळूच कव्हरवरची धूळ झटकली.

मी सूचीवाली. माझं शिक्षण ठाण्याच्या मराठी शाळेत, इंग्रजी कामापुरतं, आणि स्वभाव उतावळा. अडलं की मी शेवटची पानं उघडायची, शब्द शोधायची, त्या पानावर उडी मारायची, दिसेल ते टाइप करायची. दहातले आठ वेळा जमायचं. मामांना हे बघवायचं नाही. “काय घाई झाली तुला? पुस्तक काय पळून जातंय? आधी मागचं पान वाच. माणूस खोलीत दारातून येतो, खिडकीतून नाही.” हे मागचं पान त्यांनी मला इतक्या वेळा ऐकवलं की मी घरी नवऱ्याला त्यांची नक्कल करून दाखवायचे.

पण एक गोष्ट कबूल करायला हवी. मला आज जे काही येतं त्याचा पाया त्या पुस्तकात आहे, आणि ते पुस्तक मला मामांच्या तोंडून मराठीत मिळालं. रविवारी, म्हणजे इथल्या आठवड्याच्या पहिल्या दिवशी, जेवणाच्या सुट्टीत ते नवा भाग काढायचे. आधी एक परिच्छेद इंग्रजीत वाचायचे, मग माझ्यासाठी मराठीत फोड करून सांगायचे. कोर्समध्ये मला कुठलं बटण दाबायचं ते कळलं होतं. ते का दाबायचं हे मामांच्या रविवारांनी शिकवलं. शून्य आणि रिकामी जागा यांत फरक काय, हे पुस्तकाने दोन पानं खर्चून सांगितलं होतं. मामा म्हणाले, “फळीवर माल नाही, हे शून्य. फळी कोणी मोजलीच नाही, हे रिकामं. गिरणीत आमच्या साहेबाला मरेपर्यंत हे कळलं नाही.” आता मी नव्या मुलांना शिकवते तेव्हा हेच सांगते, गिरणीच्या साहेबासकट.

उदाहरणांसाठी त्या पुस्तकात एक काल्पनिक कंपनी होती, बारा माणसांची. मामांचा त्या बाराजणांवर जीव जडला. त्यातला एक क्लार्क पहिल्या प्रकरणापासून क्लार्कच होता. “बघ बिचारा,” मामा म्हणायचे, “दोनशे पानं झाली, कोणी बढती देत नाही.” मग तक्त्यातली माहिती कशी बदलायची हे प्रकरण आलं. मामांनी आधी सरावाच्या तक्त्यात त्या क्लार्कला मॅनेजर केलं आणि दिवसभर खुशीत होते. पुढच्याच आठवड्यात केलेला बदल मागे कसा घ्यायचा हे आलं. पुस्तकात सांगितलं होतं म्हणून त्यांनी तेही करून पाहिलं आणि क्लार्क परत क्लार्क झाला. मी हसत सुटले. मामा मात्र खरंच खट्टू झाले होते आणि त्यांनी डबाही अर्धाच खाल्ला.

अशाने हळूहळू मशीन त्यांच्या हाताखाली आलं. पावसाळी महिने, म्हणजे इथला हिवाळा, संपेपर्यंत गोदामाची सगळी यादी त्यांनी नीट बसवली. वसंतातल्या पेसाखच्या सणाच्या सुमारास शिमोन कुठलाही जोड विचारायचा आणि मामा दोन मिनिटांत फळी सांगायचे. शिमोन खूश होता. एकच टेप होती, तिच्यावर रोज दुपारी बाराच्या ठोक्याला सगळ्या माहितीची नक्कल आपोआप उतरायची. कालच्या नकलेवर आजची. मामांनी दुसरी टेप तीनदा मागितली. शिमोन म्हणाला, सणांनंतर. नक्कल परत मशीनमध्ये कशी भरायची हे पुस्तकात अगदी शेवटी होतं, पन्नासाव्या भागात. मी एकदा म्हटलं, “मामा, एवढं एक आधी वाचून घेऊ या का?” त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी योम किप्पूरच्या उपासाचं वाचन पुरीमच्या सणाला करा म्हणते आहे. “येईल त्याच्या टायमाला,” ते म्हणाले.

ऑगस्टमध्ये, त्रेचाळिसावा भाग चालू असताना, एका सकाळी वीज गेली, आली, पुन्हा गेली, आणि मशीन उठेना. तेल अवीवहून तंत्रज्ञ आला. त्याने बिघडलेली डिस्क काढून नवी घातली, सॉफ्टवेअर पुन्हा बसवलं, रोजची बाराची नक्कल चालू करून दिली आणि “आता टेपवरून माहिती भरून घ्या” असं सांगून गेला. तेव्हा साडेअकरा वाजून गेले होते. मशीनमध्ये एकही नोंद नव्हती. दहा महिन्यांचं सगळं काम त्या एका टेपवर होतं. बाहेर दोन ट्रक उभे, ड्रायव्हर ओरडतायत, शिमोन दारात.

मामा खुर्चीत बसून होते. हात कीबोर्डवर आणि नजर माझ्याकडे. “मी तिथपर्यंत पोचलो नाही गं,” ते म्हणाले. गृहपाठ राहिलेल्या पोरासारखे. मला ते बघवेना. मी पुस्तक ओढलं, मागची सूची उघडली, शब्द सापडला, पान नऊशे अठरा. मामांना बाजूला करून मी टाइप करायला बसले. मामा मागे उभे राहून हळूच म्हणाले, “रेबेका, आधी मागचं पान.” मी म्हटलं, “मामा, आता नाही हो!” जरा जोरातच म्हटलं. पहिल्यांदा मशीनने चूक दाखवली. मी पुन्हा टाइप केलं. पुन्हा चूक. तिसऱ्यांदा टाइप करत होते आणि टेप आपोआप फिरायला लागली. मी टाळी वाजवली. शिमोनने दारातून अंगठा दाखवला. टेप छान फिरली, थांबली. मी यादी उघडली. यादीत काही नव्हतं. मग माझं लक्ष भिंतीवरच्या घड्याळाकडे गेलं. बारा वाजून चार मिनिटं झाली होती.

मशीनने रोजच्यासारखी नक्कल घेतली होती. रिकाम्या मशीनची नक्कल, कालच्या सगळ्या माहितीवर. नऊशे सतराव्या पानावर चौकटीत ठळक अक्षरांत लिहिलेलं होतं की माहिती परत भरण्याआधी रोजची नक्कल बंद करा आणि टेपच्या कडेची छोटी पट्टी सरकवा, म्हणजे तिच्यावर काही लिहिलं जाणार नाही. दोन वाक्यं. वाचायला अर्धं मिनिट लागलं असतं. मी ती आता वाचली.

मामांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि मला उठवलं. मग स्वतः खुर्चीत बसले आणि शिमोनला आत बोलावलं. त्यांचं हिब्रू तुटकं होतं, पण एवढं त्यांनी नीट सांगितलं. “मी केलं. मी वाचलं नव्हतं.” पहिलं वाक्य खोटं होतं आणि दुसरं खरं. मी बाजूला उभी राहून ऐकत राहिले. शिमोन खूप ओरडला आणि मग ट्रकवाल्यांकडे निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शिमोनकडे गेले. रात्रभर मनात जुळवलेली हिब्रू वाक्यं त्याला सांगितली. टाइप मी केलं, मामा थांब म्हणत होते, पान मी सोडलं. त्याने सगळं ऐकून घेतलं, मला पाणी दिलं आणि माझ्याकडे मायेने बघत म्हणाला, “तुम्ही हिंदी लोक फार चांगले आहात. म्हाताऱ्यासाठी खोटं बोलायला आलीस.” मी म्हटलं, खोटं नाही, खरं आहे. तो म्हणाला, “जा, रेबेका. काम खूप आहे.” मी आणखी काय करायला हवं होतं ते मला आजही समजत नाही. हतबल झाले असं मी इतकी वर्षं म्हणत आले. खरं सांगायचं तर अर्धी हतबल होते आणि अर्धी भित्री. नवऱ्याला तेव्हा काम नव्हतं. मी दुसऱ्यांदा शिमोनकडे गेले नाही.

मामांना मी बसमध्ये हे सांगितलं. दांडीला धरून उभे होते. “कशाला गेलीस?” म्हणाले. “खुर्ची कोणाची होती? माझी. मग झालं तर.” मी रडायला लागले तेव्हा घाईघाईने म्हणाले, “अगं लोक बघतायत. तुझ्यावर मी रागावलोय का? मी माझ्यावर रागावलोय. तू मागे म्हणालीस तेव्हाच उघडायला हवं होतं.” सणांची वाट शिमोनने बघितली नाही. त्याच आठवड्यात मामा पॅकिंग शेडमध्ये गेले आणि खुर्ची मला मिळाली. मी ती घेतली. कागदी चिठ्ठ्यांवरून सगळी माहिती मी पुन्हा भरत होते आणि खिडकीतून मला शेड दिसायची. पत्र्याखाली, ऑगस्टच्या उन्हात, पंचावन्न वर्षांचा माणूस कमरेला पट्टा बांधून खोकी सरकवत होता. मी टेबल फिरवून घेतलं, खिडकीकडे पाठ येईल असं.

पण पुढच्या रविवारी जेवणाच्या सुट्टीत मामा हजर. हात धुऊन आलेले, कव्हरला डाग लागू नये म्हणून. “चव्वेचाळिसावा,” म्हणाले आणि माझ्या शेजारच्या स्टुलावर बसून वाचायला लागले. मी खुर्चीतून उठले तर म्हणाले, “बस, बस. ती आता तुझी.” मशीनला त्यांनी त्यानंतर कधी बोट लावलं नाही. नुसतं वाचायचे आणि मला समजावून सांगायचे, पूर्वीसारखेच. समोर मशीन असून ते वापरायचं नाही आणि शिकायचं मात्र सगळं, याचा अर्थ काय हे विचारायची माझी छाती झाली नाही.

सहा आठवड्यांनी पन्नासावा भाग आला. मी तो रविवार टाळायच्या विचारात होते. आजारी पडावं, पोराला ताप यावा, असं काहीबाही मनात येत होतं. मामा आले, बसले. पहिली पानं त्यांनी रोजच्यासारखी वाचली. मग नऊशे सतरा. चौकटीतली ती दोन वाक्यं त्यांनी इंग्रजीत वाचली, त्याच आवाजात, ना हळू ना जोरात. मग मराठीत सांगितली. रोजची नक्कल आधी बंद करायची. टेपची पट्टी सरकवायची. “समजलं?” त्यांनी विचारलं. दर परिच्छेदानंतर ते असंच विचारायचे. मी मान हलवली. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही आणि पान उलटलं.

चोपन्नावा भाग सिम्हात तोराच्या आदल्या आठवड्यात संपला. सूचीसुद्धा वाचली त्यांनी, पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत. त्या गुरुवारी मामांच्या घरी मलिदा होता. गूळ-खोबरं घातलेले पोहे, पाच फळं, वर गुलाबाचं फूल आणि एलियाहू हान्नबी या आमच्या प्रेषिताचं नाव. नवस फिटला, लग्न ठरलं, परगावी गेलेला सुखरूप आला की आमच्यात मलिदा करतात. दहा-बाराजण जमले होते आणि मलिदा कशाचा आहे हे कोणाला माहीत नव्हतं. मुलीचं ठरलं का, कोणी विचारलं. मुलगी, सिगल, हिब्रूत म्हणाली की मलाच ठाऊक नाही. मामा म्हणाले, “एक काम हातात घेतलं होतं, ते पुरं झालं.” एवढं बोलून त्यांनी पहिली ताटली मला दिली. मी ती संपवली.

पुढे कारखाना विकला गेला आणि मी बीर शेवाला एका इस्पितळाच्या कॉम्प्युटर विभागात लागले. ज्या सॉफ्टवेअरचं ते पुस्तक होतं त्याच्या नवनव्या आवृत्त्या आल्या आणि मग ते सॉफ्टवेअरच मागे पडलं. पुस्तकं छापणंही बंद होत गेलं. आता अडलं की पडद्यावर प्रश्न टाइप करायचा, उत्तराच्या ओळीवर उडी मारायची. माझ्यासारख्या उतावळ्यांचे दिवस आले. माझ्या हाताखालच्या मुलांना मागचं पान वाचा म्हटलं तर ती विचारतात, कुठलं पान?

मामांनी साठीपर्यंत कसंबसं खोक्यांत काढलं. मग कमरेने साफ हात टेकले, पाठोपाठ मूत्रपिंडं बिघडली. मामी गेल्या. सिगल त्यांना ओफाकिमला आपल्या घरी घेऊन गेली. तिथून बीर शेवा जवळ, पण मी वर्षातून एखाद्‌दोनदाच जायचे. काम, घर, मुलाची सैन्यातली वर्षं, कारणं हवी तेवढी होती. खरं कारण मला माहीत आहे.

शेवटचं गेले तेव्हा मामा खिडकीशी बसले होते, फारच लहान झालेले. नातवंडं हिब्रूत भांडत होती. मामा मराठीत त्यांना दटावत होते आणि ती हिब्रूत उत्तरं देत होती. सिगल चहा करायला आत गेली तशी मामांनी मला खुणेने जवळ बोलावलं. “तुमच्याकडे इस्पितळात मोठी मशीनं असतील.” मी म्हटलं, हो. “डेटाबेस?” हो. “अजून तसाच चालतो? तक्ते, ओळी, सगळं आपल्या पुस्तकासारखं?” मी म्हटलं, “हो मामा, सगळं तसंच आहे.” पार खोटं नव्हतं ते, पण खरंही नव्हतं.

मग ते आणखी पुढे वाकले. “एखादा माणूस लागतो का तुम्हाला? पार्ट टाइम चालेल. उभ्याचं काम नको, कमर आहे. बसून असेल तर बघ. तीन दिवस डायलिसिसला जातो, पण बाकीचे दिवस मोकळा असतो. मी पूर्ण वाचलंय हे तू सांगू शकतेस. दुसऱ्या कोणी बघितलेलं नाही.”

चौसष्ट वर्षांचा माणूस माझ्याकडे नोकरी मागत होता. मला त्यांचे पाय धरावेसे वाटले. मामा, ते सगळं गेलं हो, कोणाला नको आहे, हे सांगायची हिंमत मला झाली नाही. आणि विचारायचं तरी कोणाला? माझ्या साहेबाला जाऊन काय सांगणार होते मी? मी म्हटलं, “विचारते, मामा.” त्यांचा चेहरा इतका उजळला की मी चहा अर्धा टाकून निघाले.

चार महिन्यांनी मामा गेले. शिव्वाला, म्हणजे सात दिवसांच्या दुखवट्याला, मी ओफाकिमला गेले. सिगल जमिनीवर बसली होती. तिने मला शेजारी बसवलं आणि हिब्रूत विचारलं, “तू आबाला कसला फोन करणार होतीस?” मग ती म्हणाली, “डायलिसिस रविवारी सकाळी होतं ना, ते त्याने माझ्याकडून दुपारचं करून घेतलं. केवढी खटपट करावी लागली मला. सकाळी नको म्हणाला. रविवारी ऑफिसं उघडतात, रेबेकाचा फोन सकाळीच येईल.”

मी कोणालाच विचारलं नव्हतं.